हत्ती छपरावर, पाणी पायाखाली

(ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, मंडळाचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘तिघरा १९१७ : धरणाच्या पायाखालचे पाणी’ असा छापलेला आहे, म्हणजे आपल्या शहराला पाणी देणारे तिघरा धरण १९१७ मध्ये का फुटले हा, आणि मी त्याच विषयावर बोलणार आहे. मात्र ग्वाल्हेरात बांधकामाच्या इतिहासावर भाषण करायचे आणि जयविलासाच्या छपरावरच्या हत्तींना वगळायचे, हे लष्करातल्या कोणत्याही सभागृहात खपवून घेतले जात नाही. मागच्या रांगेतल्या एका काकांनी मला दारातच विचारले, “हत्ती येणार ना?” तेव्हा हत्तींना आधी वाट करून देतो, म्हणजे ते मध्येच येऊन भाषण थांबवणार नाहीत.

गोष्ट आपल्या सर्वांना पाठ आहे. महाराज जयाजीराव शिंदे यांच्यासाठी मायकेल फिलोज यांनी जयविलास राजवाडा बांधला, तो १८७४ मध्ये पुरा झाला. दरबार हॉलमध्ये दोन प्रचंड झुंबरे टांगायची होती आणि त्यांतल्या प्रत्येकाचे वजन साडेतीन टन सांगितले जाते. एवढा भार छताला पेलेल की नाही, अशी शंका निघाली. मग मातीचा चढ रचून हत्ती छपरावर नेले, तिथे फिरवले आणि छत हलले नाही असे पाहिल्यावरच झुंबरे टांगली. हत्ती किती, याबद्दल मतभेद आहेत. राजवाडा दाखवणारा माणूस आठ म्हणतो, पुस्तिकेत दहा असतात, आणि पुण्याहून पाहुणे आले असतील तर आपल्याकडचे यजमान बारापर्यंतही जातात, कारण शनिवारवाड्याची बरोबरी करायची असते.

ही गोष्ट खरी की रचलेली, या वादात मी पडत नाही. मी आयुष्यभर पाया आणि जमीन यांच्या चाचण्या केल्या आणि करवून घेतल्या आहेत, त्यामुळे मला या हत्तींकडे एक चाचणी म्हणून पाहण्याची खोड आहे. आठ हत्ती धरले आणि प्रत्येकाचे वजन साडेतीन टन मानले, तर छपरावर अठ्ठावीस टन भार आला. झुंबरांचा भार सात टन. म्हणजे प्रत्यक्ष भाराच्या चौपट भार देऊन पाहिले, आणि कोणताही अभियंता याला टाळ्याच देईल. आज आपले भारतीय मानक, आय.एस. ४५६, शंका असलेल्या स्लॅबवर स्वतःच्या वजनाखेरीज वापराच्या भाराच्या सव्वापट भार चोवीस तास ठेवायला सांगते. चौपट कुठे आणि सव्वापट कुठे! महाराजांच्या हत्तींनी आपल्या मानकाला केव्हाच मागे टाकले आहे.

पण त्याच मानकाची पुढची अट पाहा. भार चोवीस तास ठेवल्यानंतर तो काढून घ्यायचा आणि पुढच्या चोवीस तासांत स्लॅब वाकल्यापैकी किमान पंचाहत्तर टक्के परत वर आला की नाही, हे मोजायचे. मोजमाप हा चाचणीचा प्राण आहे. भार वाहिला गेला एवढे पुरेसे नसते. भार वाहताना ती वस्तू किती वाकली आणि भार उतरल्यावर पूर्ववत झाली का, हे पाहावे लागते. आपल्या गोष्टीत हत्ती वर गेले, हत्ती खाली आले, आणि छत किती मिलिमीटर खाली गेले याबद्दल गोष्ट एक अक्षर बोलत नाही. हत्ती उभे होते की चालत होते, यानेही फरक पडतो. शिवाय झुंबराचा भार छतातल्या एका आकड्यावर, म्हणजे हुकावर, एका बिंदूवर येतो. हत्तींचा भार बत्तीस पायांवर वाटला जातो. तेव्हा छत तपासले गेले असेल, तो हुक मात्र तपासला गेला नाही.

हत्तींची एक बाजू मात्र मला मान्य करावीच लागेल. जमिनीत खोलवर घातलेल्या पायाच्या खुंटांवर चाचणीचा भार देण्यासाठी आम्ही वाळूच्या गोण्या रचतो. शंभर-दोनशे टन गोण्यांचा डोंगर उभा राहतो, रात्री रखवालदाराला डुलकी लागते, आणि सकाळी डोंगर थोडा बुटका झालेला असतो, कारण जवळपास कुणाच्या तरी घराचा प्लास्टर सुरू असतो. हत्ती रात्रीतून चोरीला जात नाहीत.

आता माझे खरे भांडण. या गोष्टीत सगळ्यांचे डोळे वर लागलेले आहेत. छत पेलेल का, भिंती पेलतील का, हे विचारले गेले. भिंतींचा भार ज्या जमिनीवर जातो तिला कुणी काही विचारल्याचे गोष्टीत येत नाही. जमिनीला विचारणे अवघडही असते, कारण छत लगेच उत्तर देते आणि जमीन सवडीने देते. मेक्सिको शहरात १९०४ मध्ये ललितकलांचा एक भव्य संगमरवरी प्रासाद बांधायला घेतला, तो १९३४ मध्ये पुरा झाला. खालची माती म्हणजे जुन्या सरोवराचा पाण्याने भरलेला गाळ. बांधकाम चालू असतानाच इमारत खचू लागली आणि आजवर ती तीन मीटरांहून अधिक खाली गेली आहे. तिच्या छपरावर हत्ती नेले असते तर छत उत्तम असल्याचा दाखला मिळाला असता, आणि तो खराही ठरला असता.

यावर कुणी म्हणेल की जमिनीचीही चाचणी घेता येते. येते. खड्डा खणून त्यात एक पोलादी पट्टी ठेवायची, तीवर भार वाढवत न्यायचा आणि ती किती रुतते ते पाहायचे. या चाचणीने केलेली सर्वांत प्रसिद्ध फसवणूक कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथे झाली. रेल्वेने धान्य साठवण्यासाठी काँक्रीटची पासष्ट उंच कोठारे एका सलग पायावर उभी केली, दहा लाख बुशेल धान्य मावेल एवढी. पायाच्या पातळीवर केलेल्या पट्टीच्या चाचणीने जमीन मजबूत असल्याचे सांगितले होते. १९१३ च्या सप्टेंबरात धान्य भरायला सुरुवात झाली. ते ठिकठिकाणी सारखे भरण्याची काळजीही घेतली. १८ ऑक्टोबरला, कोठारे भरत आली असताना, इमारत खचताना दिसली. एका तासात सुमारे एक फूट खाली गेली, मग एका बाजूला कलू लागली, आणि चोवीस तासांत जवळजवळ सत्तावीस अंशांत तिरकी होऊन थांबली. गंमत अशी की काँक्रीट अभंग होते. कोठारांना तडा गेला नाही, आतले धान्य काढून घेता आले. पुढच्या वर्षी खालून खोदून, खडकापर्यंत आधार देऊन, जॅकने ती सगळी इमारत सरळ करण्यात आली आणि ती पुढे वर्षानुवर्षे वापरात राहिली. काँक्रीट बांधणाऱ्याला मी आजही नमस्कार करतो. चूक त्याची नव्हती.

कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याचा उपयोग पुढे तिघऱ्याला होणार आहे. भाराचा दाब जमिनीत साधारण पायाच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोलीपर्यंत जाणवतो. चाचणीची पट्टी फूट-दोन फूट रुंद, म्हणून ती वरच्या तीन-चार फुटांचाच हिशेब देते. कोठारांचा पाया तेवीस मीटरांहून अधिक रुंद होता, त्याचा दाब खालच्या मऊ चिकणमातीपर्यंत पोहोचला. वरचा थर घट्ट होता, खालचा नव्हता. पट्टीने वरच्या थराबद्दल खरे उत्तर दिले आणि खालच्या थराबद्दल तिला कुणी विचारलेच नाही. १९५०च्या सुमारास तिथे बोअर घेऊन, म्हणजे जमिनीत खोल भोके पाडून, खालच्या मातीची ताकद मोजली गेली तेव्हा आकडेमोडीने निघालेला भार आणि प्रत्यक्षात इमारत कलली तेव्हाचा भार जवळजवळ जुळले. चाळीसएक वर्षांनी का होईना, हिशेब लागला.

म्हणून खाली जाऊन पाहावे लागते, आणि खाली जाऊन पाहण्याला पैसे लागतात; इथे माझी जुनी तक्रार सुरू होते. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत, पण ही तक्रार मी आवरती घेऊ शकत नाही. नोकरीत असताना एका लहान जलाशयाच्या कामावर मी बोअरची एक यादी दिली होती. ती वरच्या कार्यालयात गेली आणि परत आली तेव्हा बोअर निम्मे झाले होते. मी खालच्या वालुकाश्मात एखादा शेलचा, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या मऊ, पापुद्र्यांच्या खडकाचा थर असण्याची शक्यता लिहून पाठवली. उत्तर आले की दगड उघडा दिसत असताना तो भोके पाडून पाहण्याचे प्रयोजन काय? त्याच अंदाजपत्रकात उद्घाटनाच्या चबुतऱ्याला आणि प्रवेशकमानीला भरपूर तरतूद होती. ती कमान आजही तिथे उभी आहे आणि फारच मजबूत आहे. कार्यालयाचे नाव मी घेत नाही. तसली कार्यालये सगळीकडे असतात आणि कमानीही.

दगड उघडा दिसतो तेव्हाच भोके पाडून का पाहायचे, याचे उत्तर कोअर बॉक्समध्ये मिळते. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी पेटी असते, साधारण हातभर रुंद आणि दीड मीटर लांब, तिला लांबीच्या दिशेने खाचा असतात. हिरेजडित टोकाच्या पोकळ नळीने खडक कापत जायचे आणि नळीत आलेले दगडाचे दंडगोल खोलीच्या क्रमाने त्या खाचांत मांडायचे. जिथे दंडगोल लांब आणि अखंड आहेत तिथे खडक चांगला. म्हणून दहा सेंटिमीटरांपेक्षा लांब तुकड्यांची एकूण लांबी मोजून खडकाला गुण देण्याची पद्धत १९६०च्या दशकात रूढ झाली. आता खरी मेख. मोठमोठ्या तुकड्यांच्या मध्ये एखादी रिकामी जागा असते. तिथे ड्रिलर लाकडाचा ठोकळा ठेवतो आणि त्यावर पेन्सिलने लिहितो, ‘लॉस १० से.मी.’ म्हणजे तेवढा खडक नळीत आलाच नाही, ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहून गेला. तो का गेला? कारण तो मऊ होता. वालुकाश्माच्या दोन पदरांमधला चिकणमातीचा नाहीतर शेलचा बोटभर थर असतो तो. पेटीतले सर्वांत सुंदर तुकडे पाहून साहेब खूश होतात आणि सही करतात. माझ्या गुरुस्थानी असलेले एक ज्येष्ठ भूगर्भशास्त्रज्ञ मात्र पेटी उघडली की आधी ठोकळे पाहत. जे हाती आले त्यावर इमारत उभी राहते आणि जे हाती आले नाही त्यावरून ती घसरते, असे त्यांचे म्हणणे असे.

आपल्या भागातला वालुकाश्म असाच आहे. मुरेना-ग्वाल्हेरच्या गजकेचे, त्या तीळगुळाच्या मिठाईचे, पदर आठवा: आडवे, एकावर एक, वरून दाबले तर भक्कम, पण बाजूने ढकलले की पदरावरून पदर सुटतो. आपला किल्ला याच जातीच्या विंध्य वालुकाश्मावर उभा आहे आणि शतकानुशतके उभा आहे. कारण किल्ल्याला कुणी बाजूने ढकलत नाही, आणि त्याच्या पायाखाली कुणी पाणी दाबून भरत नाही. धरणाला या दोन्ही गोष्टी सोसाव्या लागतात.

आता अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: ‘पंधरा मिनिटे’. म्हणजे ज्या विषयासाठी आपण आलात तो आता धावत सांगावा लागणार. माफी असावी.

दगडी धरण स्वतःच्या वजनाने उभे राहते. पाणी त्याला आडवे ढकलते, वजन त्याला जमिनीवर दाबून धरते, आणि पायातील घर्षण त्याला सरकू देत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या हिशेबाला आकार आला. १८५३ मध्ये फ्रान्समध्ये साझिली यांनी धरणाचा छेद गणिताने ठरवायला सुरुवात केली. १८७२ मध्ये रँकिन यांनी, तेही मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठीच्या धरणाबाबत मत मागितले गेले म्हणून, दगडी बांधकामात ताण येऊ देऊ नये आणि भाराची रेषा रुंदीच्या मधल्या तिसऱ्या भागात ठेवावी, असा दंडक घालून दिला. हिशेब देखणा होता. त्यात एक जमा बाजू होती, एक खर्चाची बाजू होती, आणि एक खर्च लिहायचा राहिला होता.

तो खर्च म्हणजे खालून वर उचलणारा पाण्याचा दाब. धरणामागचे पाणी खडकाच्या भेगांतून पायाखाली शिरते आणि भिंतीला वर ढकलते. उदाहरण घेऊ. चोवीस मीटर उंच आणि तळाशी सतरा मीटर रुंद अशी त्रिकोणी भिंत धरा आणि तिचा एक मीटर लांबीचा तुकडा पाहा. दगडी बांधकामाचे वजन घनमीटरला २.३ टन धरले तर तुकड्याचे वजन सुमारे ४७० टन. पाण्याचा आडवा रेटा २८८ टन. म्हणजे घर्षणाचा गुणांक (वजनाच्या किती पट रेटा घर्षण अडवते तो आकडा) ०.६१ असला तरी भिंत जागेवर राहते, आणि चांगल्या खडकावर तो त्याहून जास्त असतो. आता पायाखाली पाणी शिरू द्या: पाण्याकडच्या टाचेशी पूर्ण दाब, दुसऱ्या टोकाशी शून्य. उचल निघते २०४ टन. वजन उरते २६६ टन, रेटा तोच, आणि लागणारा गुणांक १.०८. असा गुणांक ओल्या शेलच्या थरावर मिळत नाही. भिंतीतला एक दगडही न हलवता पाण्याने तिचे सुमारे त्रेचाळीस टक्के वजन गिळले.

हे युरोपात कळायला अपघात लागले. फ्रान्समधल्या व्होजच्या डोंगराळ भागात बूझे येथील धरण १८८४ मध्ये मोठ्या लांबीवर सुमारे एक फूट पुढे सरकले. तिथला पायाही भेगाळ वालुकाश्मच होता. डागडुजी करून ते पुन्हा भरले आणि २७ एप्रिल १८९५ रोजी त्याचा वरचा भाग तुटून वाहून गेला. ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी मोरिस लेवी यांनी नियम मांडला की पाण्याकडच्या बाजूला भिंतीतला दाब कोणत्याही खोलीवर तिथल्या पाण्याच्या दाबापेक्षा कमी असू नये, म्हणजे पाण्याला भेग उघडताच येणार नाही. ब्रिटनमध्ये लिव्हरपूलसाठी बांधलेल्या व्हर्निवी धरणाच्या पायात तर १८८०च्या दशकातच निचऱ्याची सोय केली होती. पण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ऑस्टिनला ३० सप्टेंबर १९११ रोजी काँक्रीटचे धरण सरकून फुटले आणि ७८ जण मेले. त्याखालचा खडक वालुकाश्म आणि शेल यांच्या आडव्या थरांचा होता, आणि ते धरण पावणेदोन वर्षांपूर्वी एकदा सरकून इशारा देऊन चुकले होते.

आता तिघरा. ग्वाल्हेरला पाणी द्यावे म्हणून माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत सांक नदीवर चुन्यातले दगडी धरण बांधण्यात आले. उंची सुमारे २४ मीटर, लांबी तेराशे मीटरांहून अधिक. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ मध्ये पहिल्यांदा बसवलेल्या स्वयंचलित दारांची पद्धत इथेही वापरली गेली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेही. १९१७ चा पावसाळा देशभर जोराचा झाला. ऑगस्टमध्ये जलाशय भरून पाणी भिंतीवरून वाहू लागले, सुमारे चारशे मीटर लांबीवर जवळजवळ ०.८५ मीटर जाडीचा थर. वालुकाश्माच्या पायात पाणी मुरलेले होते. दोन प्रचंड तुकडे उभेच्या उभे ढकलले जाऊन पुढे सरकले आणि खालच्या गावांवर पूर गेला. अनेक माणसे दगावली.

या घटनेचे वर्णन नेहमी ‘अतिवृष्टीने धरण फुटले’ असे होते. पाऊस होता, पाणी भिंतीवरून गेले, हे खरेच आहे. पण वरून गेलेले पाणी खालच्या बाजूचा खडक उकरते, भिंतीचा रेटा थोडा वाढवते; भिंतीचे अखंड तुकडे उचलून पुढे सरकवायला पायाखालच्या पाण्याची मदत लागते. बांधकाम फुटले नाही, सरकले. चुना आणि दगड रचणाऱ्यांचे काम ट्रान्सकोनाच्या काँक्रीटइतकेच निर्दोष असावे. माझे म्हणणे एवढेच आहे की तिघऱ्याला आपण पावसाच्या खात्यात टाकतो आणि पायाच्या खात्यातून सोडवतो, आणि त्यामुळे आपल्या गावाने या शास्त्राच्या इतिहासात भरलेली किंमत कुणाला माहीतच होत नाही. बूझे आणि ऑस्टिन परदेशातल्या प्रत्येक पाठ्यक्रमात शिकवतात. तिघऱ्याचे नाव आपल्याकडच्या विद्यार्थ्याला विचारून पाहा. सहलीचे ठिकाण म्हणून तो नक्की सांगेल. १९२९ मध्ये ते पुन्हा बांधले गेले आणि आपल्या शहराला आजही तेच पाणी पाजते.

हा हिशेब पुढे दोन ठिकाणी पुरा झाला. इस्तंबूलमध्ये शिकवत असताना कार्ल तेर्झाघी यांनी चिकणमातीवर प्रयोग करून दाखवले की मातीची ताकद तिच्यावरच्या एकूण दाबावर ठरत नाही. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केल्यावर जो उरतो त्यावर ठरते. आणि आपल्याकडे, गंगेवरचा नरोरा बंधारा १८९८ मध्ये पायाखालच्या पाण्याने निकामी झाला, तेव्हा ब्लाय यांनी १९१० मध्ये पाणी पायाच्या तळाशी सरपटत किती लांब जाते यावर एक सोपा नियम बसवला. अप्पर चिनाब कालव्याच्या सायफनांनी (पाणी खालून पार नेणाऱ्या बांधकामांनी) १९२६-२७ मध्ये त्या नियमाला धक्का दिला. मग अयोध्यानाथ खोसला यांनी त्यांच्या फरशीत प्रत्यक्ष नळ्या बसवून दाब मोजले. दाब नियमाप्रमाणे निघेनात. त्यातून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली ती आज भारतातल्या प्रत्येक सिंचन अभियंत्याच्या हातात आहे. त्याच वर्षी हार्वर्डला तेर्झाघींच्या अध्यक्षतेखाली मृदायांत्रिकीची, म्हणजे मातीच्या ताकदीच्या शास्त्राची, पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. खोसला यांच्यावर वेगळे व्याख्यान व्हायला हवे, आणि ते मराठीत व्हायला हवे, ही सूचना मी मंडळाकडे नोंदवून ठेवतो.

दोनच मिनिटे. उपाय काय, ते सांगून थांबतो. पाण्याकडच्या टाचेजवळ खडकात सिमेंटचे ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, दाबून पडदा करायचा, आणि त्याच्या लगेच मागे निचऱ्याची भोके पाडायची, म्हणजे उरलेला दाब तिथेच मोकळा होतो. भोके धड असतील तर त्या रेषेवर उचल दाब एकतृतीयांशावर येतो असे आपले मानक धरते. १९५९ मध्ये फ्रान्समधले मालपासे धरण फुटून ४२३ माणसे गेली, त्या पायात असा निचरा नव्हता. मोठ्या दगडी धरणाच्या पोटात म्हणूनच एक बोगदा असतो, त्याला गॅलरी म्हणतात. उन्हाळ्यातही आत गारवा, पायाखाली नाली, आणि भिंतीतून डोकावणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी चुन्याची पांढरी पुटे जमलेली. ही पुटे वाढली की नळी बुजते आणि दाब परत चढतो. म्हणून कोरडी नळी पाहून खूश होणाऱ्याला मी कामावर घेत नसे. नालीच्या शेवटी पत्र्यात नव्वद अंशांची व्ही आकाराची खाच असते. खाचेतल्या पाण्याची उंची पाच सेंटिमीटर असेल तर गळती सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास असते, दहा सेंटिमीटर झाली तर जवळजवळ साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली की गळती साडेपाच पटींहून जास्त होते, म्हणून नोंदवहीत मिलिमीटर लिहायचे असतात, ‘सामान्य’ असा शेरा नव्हे. मी नोंदवह्या तपासत असे तेव्हा महिनोन् महिने ‘सामान्य’ हा एकच शब्द एकाच शाईत एकाच बैठकीत लिहिलेला आढळे.

अध्यक्ष उभे राहिले आहेत. बाहेर चहा तयार आहे असे कळते. प्रश्न कागदावर लिहून पुढे पाठवावेत; चंबळेवरच्या गांधीसागर धरणाविषयीचे प्रश्न मी आधी घेईन, आणि हत्तींविषयीचे शेवटी.